खडे आणि खेटे

जर्मनचा डबा एक. आत खडे शंभर.

खडे पंचगंगेच्या घाटावर वेचलेले, सुपारीएवढे, हाताळून तुळतुळीत झालेले. कोल्हापूरच्या आमच्या तालमीत जोर मारायला उतरलं की डबा डाव्या हाताशी घ्यायचा. दहा जोर झाले की एक खडा काढून जमिनीवर ठेवायचा. वस्ताद फेरी मारताना पोरांकडं बघत नसत, खड्यांकडं बघत. १९७८ साली मी सतरा वर्षांचा होतो आणि माझे वीस खडे व्हायचे. शेजारी मारणाऱ्याचे पन्नास. तो पुढं एस.टी.त कंडक्टर झाला, मी बँकेत चिकटलो. डब्याचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात मला तो डबा आठवला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मैदानाला घाण्याच्या बैलासारखा फेऱ्या मारत होतो, फोन पावलं मोजत होता. एका सकाळी पाऊस थांबेना. सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत मी सहज हात टेकले. अकरा जोर झाले. बाराव्याला कोपरं थरथरली आणि मी पालथा पडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं चक्कर आली. मी हसत होतो. अकरा म्हणजे एक खडा आणि वर एक. अडतीस वर्षांनी.

पुशअप वर-खाली जातो, जोर पुढं-मागं जातो. आधी कंबर वर, मग डोकं खाली, छाती जमिनीला घासल्यासारखी पुढं काढायची, मान उचलायची, परत मागं. मांजर आळस देतं तसं. या फेरीत नाक जमिनीच्या चार बोटं वरून जातं आणि जमीन कसली आहे ते दर वेळी कळतं. त्या सकाळी फरशी पुसायच्या औषधाचा वास आला. लिंबाचा, म्हणजे बाटलीवर लिंबू होतं.

लिंबू आमच्या मातीतही असायचं.

हौद्यातली माती. तांबडी, चाळलेली, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस. गोणीभर लिंबं कापायला पोरं बसायची आणि बोटांच्या चिरांना रस झोंबायचा. नवा पोरगा आला की महिनाभर त्याच्या हातात फक्त फावडं. हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, पुन्हा उकरायचा. कुस्ती शिकायला आलोय की विहीर खणायला, असं एकानं विचारलं. वस्ताद म्हणाले, "दोन्ही एकच हाय." महिन्यानं त्याच्या पाठीकडं बघितल्यावर खरं वाटलं.

आता मॅट आहे. मॅटवर माझा राग नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा त्यांना मातीची सवय होती आणि कुस्ती मॅटवर होती. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्याला जगात लढायचं त्याला मॅट हवीच. पण मॅट उकरता येत नाही. तो महिना गेला.

करेला, म्हणजे मुद्गल. लाकडी, मुठीशी बारीक, खाली फुगीर, अंगावर कारल्यासारखे कंगोरे. दोन मिळून जोडी. आमच्या तालमीत तीन जोड्या होत्या, सगळ्यांत जड जोडी कुणीच फिरवत नसे; ती बघायला असायची. जोडी खांद्यामागून फिरवताना लाकूड पाठीला लागलं तर चूक आपली. फिरवणारा चांगला असेल तर फक्त हवेचा आवाज.

ही जोडी इंग्रज बघून गेला, घरी घेऊन गेला, तिला त्यानं इंडियन क्लब असं नाव दिलं आणि पलटणींना कवायतीत लावली. पुढं ती ऑलिंपिकपर्यंत पोचली. १९०४ला सेंट लुईसमध्ये आणि १९३२ला लॉस एंजलिसमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. १९३२ला चार जण उतरले, पहिले तिघंही अमेरिकन. जिंकला तो जॉर्ज रॉथ मंदीत बेकार झालेला होता. सुवर्णपदक खिशात घालून तो रस्त्यावर गाड्यांना हात करत घरी गेला म्हणतात. त्यानंतर ऑलिंपिकनं हा प्रकार काढून टाकला.

आमच्या तालमीतली एक जोडी मी अलीकडं पाहिली. वारा सुटला की दार आपटतं, म्हणून त्यातली एक दाराला टेकण लावलीय. दुसरी दिसली नाही.

लंगोट शिवणारा शिंपी. मांजरपाटाचे. माप घेत नसे, नुसतं बघायचा.

तालमीचं दार. कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. आत अंधार, गारवा, कोनाड्यात मारुती, एक मिणमिणता बल्ब. घामाला बाहेरचा वारा लागू नये म्हणून खिडक्या लहान आणि उंचावर. नव्या इमारतीत उंच दार आहे, काच आहे, आरसे आहेत. आरसा आमच्या वेळी नव्हता. पाय चुकला हे वस्तादांच्या शिमटीवरून कळायचं.

ती निरगुडीची शिमटीही गेलेल्या गोष्टींच्या या यादीत येते, आणि ती गेली ते बरंच झालं. बरं झालं असं आणखीही काही आहे. हजार-हजार बैठका मारलेल्यांचे गुडघे मी पाहिलेत. पन्नाशीत जिना उतरताना ते भिंत धरतात. आणि माझी थोरली बहीण रोज दुधाची किटली घेऊन यायची ती उंबऱ्याबाहेर थांबायची. आत बायकांना मनाई. ती माझ्यापेक्षा दांडगी होती. झाडावरून मला ओढून खाली काढायची. आज याच जिल्ह्यात मुली मॅटवर लढतात, गावोगावच्या मैदानांत त्यांच्या कुस्त्या लागतात. अक्काला हे सांगितलं तर म्हणते, "मला त्यावेळी कोण इचारलं?"

खुराक. हा शब्द आता फक्त म्हशीसाठी उरलाय. थंडाईसाठी दगडी कुंडी आणि लिंबाचा दांडा होता, इथला लिंब म्हणजे कडुलिंब. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा, पाणी घालत तासभर घोटायचं. घोटणं हाही हाताचा व्यायामच, आणि तो कायम धाकट्या पोरांकडं. बदाम मात्र नावाला. आमच्या घरचा बदाम म्हणजे भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. कुणाला काही मिळालं, पगार, बक्षीस, पोरगी पसंत पडली, तर सगळे गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, फेसासकट तोंडाला. पेला कोमट असायचा.

पुतण्या एक डबा घेऊन येतो. काळा, प्लॅस्टिकचा, पाच लिटरच्या तेलाच्या कॅनएवढा. त्यात पूड, वर चमचा. कसली चव, विचारलं तर म्हणाला चॉकलेट. त्याच पोरानं मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. एक गोरा उघडा माणूस समुद्रकाठी जोर मारत होता. "काका, हिंदू पुशअप म्हणतात याला. तुम्ही करता तसंच." मी म्हटलं, आम्हीपण त्याच्यासारखंच करतो.

नावं. पुशअप एक, पण जोर बारा तऱ्हांचे. साधा, हनुमंती, वृश्चिक, चक्र, पलट, शेर. एक राममूर्ती दंडसुद्धा, आंध्रातल्या कोडी राममूर्ती या पैलवानाच्या नावाचा, जो छातीला गुंडाळलेल्या साखळ्या तोडायचा. बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे जाडजूड खंड काढले, त्यात चित्रांसकट हे सगळं आहे. योगासनांचं नशीब बरं, त्यांची नावं जगभर पोचली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळांतून लावले, त्यावर पुस्तक लिहिलं, परदेशापर्यंत नेलं. जोराला संस्थानिक मिळाला तो शाहू महाराजांसारखा, पण महाराजांचा जीव कुस्तीत. कुस्तीला १९१२ साली खासबाग मैदान मिळालं. जोर म्हणजे कुस्तीच्या घरची धुणीभांडी, ती कोण मिरवणार? बारातले मला चार येतात. पाचव्याचं नाव आठवतं, हात कुठं ठेवायचे ते आठवत नाही.

'तालीम' हा शब्द मात्र गेलेला नाही. उलट कोल्हापुरात तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो शाहू स्टेडियमवर. पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम. बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. हे फुटबॉलचे संघ आहेत. बाहेरगावचा माणूस पेपर वाचून विचारतो, तालीम मंडळाचा गोलकीपर म्हणजे काय? पेठेतल्या पोरांना पेठेसाठी लढायचं होतं, कुस्ती मागं पडली तसा चेंडू पुढं आला, एवढंच. पोरं त्याच ईर्ष्येनं खेळतात, लोक त्याच ईर्ष्येनं भांडतात. वाईट वाटावं असं मला त्यात काही दिसत नाही. गणपतीत भिंतीएवढे स्पीकर लावतात त्याचं वाटतं.

रेवड्यांवरची कुस्ती. जत्रेच्या मैदानात मोठ्या जोडांच्या आधी, हलगी नुकती तापत असताना, सात-आठ वर्षांची पोरं चड्डीवर उतरायची. जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या. हरणाऱ्यालाही मूठभर. मी तीन वेळा हरलोय.

आता जोतिबा.

माघी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन पुढं पाच रविवार, हे जोतिबाचे खेटे. कोल्हापुरातून पहाटेच्या अंधारात निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे, निगवे, कुशिरे, मग गायमुख आणि तिथून वाडी रत्नागिरीचा चढ. देव तीन हजार फुटांवर. पायात काही घालायचं नाही. रत्नासुराला मारल्यावर देव हिमालयाकडं परत निघाला तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत त्याची मनधरणी करायला गेली, तिच्या पावलावर पाऊल म्हणून आपणही अनवाणी, असं घराघरांत सांगतात.

आमच्या तालमीत खेटा हा मेहनतीचा भाग होता. त्या रविवारी जोर माफ. वस्ताद म्हणत, "आज खडे पायाखाली मोजा." चालायचं नाही, पळायचं. शेवटी पोचेल त्यानं आठवडाभर लिंबं कापायची. मी एक माघ सबंध लिंबं कापली.

कुशिऱ्यापर्यंत पळणं सोपं. चढ लागला की बैठका कुणी मारल्यात आणि कुणी खडे सरकवलेत ते उघडं पडायचं. पन्नास खडेवाला गायमुखावरून वर बघायचा, एकदा 'चांगभलं' म्हणायचा आणि बोलणं बंद करायचा. मी बोलत राहायचो, म्हणून दम जायचा. हे मला कळायला पन्नाशी उजाडली.

या वाटेवरून काय काय गेलं, तेही मांडतो. पायवाटेची धूळ, तिच्यावर डांबर आलं, आणि डांबर अनवाणी पायाला मातीपेक्षा वाईट. उन्हं वर आल्यावर परतताना कळतं. वाटेवरची गुऱ्हाळं. माघ म्हणजे ऐन हंगाम, पहाटे चुलवाणाचा उजेड लांबून दिसायचा आणि त्या उजेडाच्या आधी वास यायचा. खेटेकरी म्हटल्यावर गुळव्या पैसे घेत नसे. रस, नाहीतर उसाच्या कांडक्यावर गुंडाळलेला काहिलीतला गरम गूळ. बोटं भाजायची. आता गुऱ्हाळं थोडी राहिली, ऊस कारखान्याला जातो. गायमुखाचं पाणी ओंजळीनं पिणारे कमी झाले, बाटल्या आल्या, आणि बाटल्या डोंगरावरच राहतात. दोन माणसांत एक कंदील, हे तर माझ्याही आधी संपलं होतं, वडील सांगायचे.

सासनकाठी मात्र गेली नाही. चैत्री पौर्णिमेला या, बघा. साताऱ्याकडच्या पाडळीची मानाची पहिली, तिच्यामागं गावोगावच्या. आपल्याकडच्या कुठल्याही घरापेक्षा उंच वेळू, वर निशाण, अंगाला रंगीत कापडं, चारी बाजूंनी तोरण्या ओढून धरलेल्या आणि मधे एक गडी. सगळा भार त्याच्यावर. डोंगरावर वारा कुठून येईल सांगता येत नाही. गडी वर शेंड्याकडं बघत असतो, पाय खाली आपोआप सरकत असतात, गुलाल नाकातोंडात, भोवती हजारो माणसं, आणि काठी नुसती धरायची नाही, नाचवायची. त्यावेळी त्याच्या मांड्या बघाव्यात. हे यंत्रावर होत नाही. त्या गड्याला विचारलं, व्यायाम काय करता, तर तो म्हणाला, "काय न्हाई. शेतात असतोय." नंतर कळलं, वडिलांनी त्याच्याकडून लहानपणी रोज अंगणात जोर मारून घेतले. त्यालाही तो व्यायाम म्हणत नव्हता.

आमच्यातही हा शब्द नव्हता. आम्ही मेहनत म्हणायचो. मेहनत कशाची तरी असते, शेताची, काठीची, कुस्तीची, देवाची. व्यायाम नुसता असतो. तो करताना मला दर पाच मिनिटांनी घड्याळ बघावं लागतं.

म्हणून यंदा खेटे धरले. सहा महिन्यांत जोर अकरावरून चाळीसवर आले होते, चार खडे. खडे घाटावरूनच उचलून आणले, कारण बाजारात शोभेचे मिळतात ते एकसारखे असतात आणि बोटाला खोटे लागतात. पहिल्या खेट्याला पहाटे साडेतीनला पुलाशी उभा राहिलो. आधीच माणसं चालत होती. पोरांच्या खांद्यावर स्पीकर, त्यातून देवाची गाणी. शेजारून एक पोरगा म्हणाला, "काका, चपला इसरला काय?" त्याच्या पायात बूट होते. मग तोच ओशाळून म्हणाला, "पायाला टाके हाईत." आम्ही निगव्यापर्यंत बरोबर चाललो.

पळालो नाही. पळण्याचा विचार वडणग्याच्या पहिल्याच खडीवर सोडला. तळवे इतके मऊ झालेत हे ठाऊक नव्हतं. शरीरात सगळ्यांत आधी म्हातारं काय होतं विचाराल तर मी तळवे म्हणेन. गायमुखाशी बसलो. पाणी प्यालो, ओंजळीनं. चढाला निम्म्यावर छाती भरून आली आणि मी कठड्याला टेकलो. मागून एक म्हातारी आली, सत्तरीच्या पुढची, नऊवारीचा काष्टा वर खोवलेला, हातात दवण्याची जुडी, पाय असे की टाचेच्या भेगेत नाणं मावावं. माझ्याकडं बघून थांबली.

"दम खा बाबा. डोंगर कुठं पळून जातोय?"

आणि ती पुढं गेली. थांबली ती माझ्यासाठीच, तिला दम लागला नव्हता.

वर पोचलो तेव्हा उन्हं कळसावर होती. राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेल्या त्या काळ्या दगडाच्या देवळाची फरशी पहाटेची गार, आणि तळव्यांना त्यावेळी दुसरं काहीच नको होतं. दर्शनाच्या रांगेत दीड तास उभा होतो. तिथं बसलो असतो तर उठलो नसतो. ती म्हातारी दर्शन घेऊन उतरायला लागलेली दिसली. कपाळभर गुलाल, तीच चाल.

परतीला एस.टी.नं आलो. हे लपवत नाही. वस्ताद असते तर लिंबं कापायला लावली असती.

संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसलो होतो, पुतण्या आला. फोन बघून म्हणाला, "काका, अठ्ठावीस हजार पावलं." त्याला खड्यांची डबी दाखवली. जुन्या बिस्किटांची आहे, जर्मनची मिळाली नाही. दहाला एक, कसं ते सांगितलं. तो तिथंच फरशीवर उतरला. पुशअप मारणारा पोरगा, दंड भरलेले, पण सातव्या जोराला कंबर अडकली. खडा डबीतून निघालाच नाही. पुन्हा उठला, हात झटकले, म्हणाला, "आधी नाक खाली की छाती?"

मी म्हटलं, नाक.

पहिले तीन खेटे झालेत, दोन राहिलेत. पुतण्या येतोय. तुम्हाला यायचं असेल तर रविवारी पहाटे साडेतीनला, शिवाजी पुलाच्या अलीकडं. चपला घरी ठेवून या, आणि परतीच्या एस.टी.साठी सुटे पैसे आणा.